एक्झिमासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना पिशवीत काय न्यावं, काय सांगावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४. लहानपणी कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे इसब होता, शाळा संपेपर्यंत गेला. बाळंतपणानंतर हातांवर परत आला आणि गेल्या वर्षभरात पापण्या नि मानेवर पसरला. चेहऱ्याला काहीही लावलं तरी चरचरतं. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मागच्या वेळी डॉक्टरांकडून पाच मिनिटांत बाहेर पडलात आणि सांगायचं होतं ते सगळं मनातच राहिलं. आता तीन आठवड्यांनी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळाली आहे. तोपर्यंत तयारी काय करायची, ॲलर्जीची रक्ततपासणी आधीच करून घ्यायची का, आणि चालू औषधं बंद करायची का?

मी बावीस वर्षं त्वचारोगांच्या ओपीडीत बसते आहे. सरकारी रुग्णालयातही बसले आणि स्वतःच्या दवाखान्यातही. त्या पाच मिनिटांबद्दल तुम्हाला जी हळहळ वाटते, ती टेबलाच्या पलीकडे मलाही वाटत आली आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक्झिमाचं निदान कशावर उभं असतं ते आधी सांगते, म्हणजे तयारी कशाची करायची ते आपोआप कळेल. ॲटोपिक एक्झिमासाठी, म्हणजे लहानपणी सुरू होणाऱ्या आणि घराण्यात चालत येणाऱ्या प्रकारासाठी, हॅनिफिन आणि रायका या दोघांनी १९८० साली निकष मांडले. ते आजही आम्ही वापरतो. त्यातले मुख्य निकष चार: खाज, ठरावीक जागी ठरावीक प्रकारचे चट्टे, वर्षानुवर्षं येत-जात राहणं, आणि स्वतःला किंवा घरात कुणाला दमा, शिंका-सर्दीची ॲलर्जी किंवा इसब असणं. या चारांतली एकच गोष्ट मला तपासताना डोळ्यांनी दिसते. उरलेल्या तिन्ही तुम्ही सांगितल्या तरच मला कळणार. शिवाय एक्झिमाचा स्वभाव असा की वेळ मिळेल त्या दिवशी तो नेमका शांत असतो. म्हणून तुमची हकिकत हीच इथे मोठी तपासणी आहे आणि तिची तयारी घरीच करावी लागते.

सुरुवात ट्यूबांपासून करा. आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब एका पिशवीत गोळा करा. रिकामी, दाबून चपटी झालेली, मुदत संपलेली, शेजारच्या काकूंनी दिलेली, कुठलीही वगळू नका. टाकून दिली असेल तर मेडिकलवाल्याकडून नाव विचारून घ्या किंवा खोक्याचा फोटो काढा. ‘पांढऱ्या रंगाची, हिरव्या झाकणाची’ एवढ्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. नाव समजलं की आत काय होतं ते समजतं, आणि तिथेच निम्मा उलगडा होतो.

आपल्याकडे खाज म्हटलं की मेडिकलमधून जी ट्यूब हातात पडते ती बहुतेक वेळा मिश्रण असते. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं जोरदार स्टिरॉइड, एखादं प्रतिजैविक आणि बुरशीवरचं एखादं औषध, तिन्ही एकत्र. स्टिरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. पण चट्टा मुळात नायट्याचा, म्हणजे गजकर्णाचा असेल तर बुरशी आतल्या आत पसरत राहते आणि तिचं रूप इतकं बदलतं की जाणत्या डोळ्यांनाही ती एक्झिमासारखी वाटते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, पुरळ येतं, आणि ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. ‘माझी त्वचा फार सेन्सिटिव्ह आहे, काहीच सोसत नाही’ असं सांगत येणाऱ्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींच्या बाबतीत खरं कारण हे निघतं. गोरं करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही क्रीमांमध्येही मोमेटासोन हे स्टिरॉइड असतं, तेव्हा त्याही पिशवीत टाका. आणि या मिश्रणांत कधी कधी निओमायसिन हे प्रतिजैविक असतं, ज्याची स्वतःचीच ॲलर्जी अनेकांना होते. म्हणजे बरं व्हावं म्हणून जे लावतो त्यानेच चट्टा वाढतो.

त्वचेवर लावायची स्टिरॉइडं २०१८ पासून कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी ती मिळतात, आणि लोक घेतात, कारण खाज रात्रीची झोप उडवते आणि तज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनी मिळते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काय लावलं, किती दिवस लावलं, शेवटचं कधी लावलं, एवढं खरं सांगा. कुणी वैदूने दिलेली बिननावाची पुडी असेल, कुणी दिलेला काढा किंवा गोळ्या असतील, गावातल्या डॉक्टरांनी कंबरेत दिलेलं ‘खाजेचं इंजेक्शन’ असेल, तेही सांगा. अशा पुड्यांत आणि इंजेक्शनांत स्टिरॉइड असण्याची शक्यता बरीच असते, आणि पुढचं औषध निवडताना मला ते माहीत असावंच लागतं.

आता तीन आठवडे काय चालू ठेवायचं? स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मनाने एकाएकी बंद करू नका, शरीराला ते धोक्याचं ठरू शकतं. दमा, थायरॉइड, रक्तदाब अशांची औषधं आहेत तशीच घ्या. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर बिनधास्त चालू ठेवा. चेहऱ्यावर मिश्रणाची ट्यूब नव्याने सुरू करू नका. आधीपासून रोज लावत असाल तर दवाखान्यात फोन करून विचारा, कारण महिनोन्‌महिने लावलेली ट्यूब कशी कमी करायची हे माणसागणिक वेगळं असतं. नायट्याची शंका असेल तर आम्ही चट्ट्याचा पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. बुरशीचं मलम नुकतंच लावलेलं असेल तर ती तपासणी फसू शकते. फोन करताना हेही विचारून घ्या.

काही वेळा मात्र तीन आठवडे थांबायचं नाही. चट्ट्यांवर एकसारखे, टोचून पोखरल्यासारखे दिसणारे दुखरे फोड झुपक्याने उठले आणि अंगात ताप आला, तर ते नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचं दुखणं असू शकतं, आणि एक्झिमाच्या त्वचेवर ते झपाट्याने पसरतं. पिवळ्या मधासारख्या खपल्या धरल्या, आजूबाजूला गरम लागून ठणकायला लागलं, डोळा दुखायला लागला किंवा धूसर दिसायला लागलं, किंवा सगळं अंग लाल होऊन थंडी वाजायला लागली, तर त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा. तारीख पुढची आहे म्हणून घरी बसू नका.

ट्यूबांनंतर कागद. एकच पान, पुढच्या बाजूला हकिकत. पहिल्यांदा कितव्या वर्षी झालं, कुठे झालं, कधी गेलं, परत कधी आलं, आणि तेव्हा आयुष्यात काय बदललं होतं. तुमच्या बाबतीत त्या पानावरच्या दोन ओळी मला सोन्यासारख्या वाटतील. एक, लहानपणी कोपर आणि गुडघ्याच्या खोबणीत होता. दुसरी, आता हात आणि पापण्यांवर आहे. पहिली ओळ ॲटोपिक त्वचेकडे बोट दाखवते. अशा त्वचेचा वरचा थर मुळातच थोडा कच्चा असतो, आतला ओलावा धरून ठेवत नाही आणि बाहेरचं आत येऊ देतो. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन त्या थराला घट्ट ठेवतं, आणि त्याच्या जनुकातल्या दोषाचा एक्झिमाशी असलेला संबंध २००६ साली पुढे आला. म्हणून हे दुखणं घराण्यात चालत येतं. दुसरी ओळ मात्र वेगळं विचारायला लावते. मोठेपणी जागा बदलून आलेला एक्झिमा दिसला की मी लगेच विचारते, त्वचेला नवीन काय लागतंय?

जागा पुष्कळ काही सांगते, म्हणून इथे थोडी रेंगाळते. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, फक्त यांचीच टोकं फुटलेली, सोललेली दिसली तर मी लसणाबद्दल विचारते. लसूण धरायची ती याच तीन बोटांत. बेंबीच्या खाली गोल चट्टा म्हणजे जीन्सच्या बटणातलं निकेल. मानेवर एका रेषेत चट्टे म्हणजे खोट्या दागिन्याची साखळी. कपाळाच्या मध्यावर टिकलीएवढीच खाज आणि मग पांढरा डाग, हे टिकलीच्या चिकट गमाचं काम. पायाच्या वरच्या भागावर चपलेच्या पट्ट्याच्या आकाराचा चट्टा रबर किंवा चामड्यामुळे. गवंड्याच्या हातांवर सिमेंटमधलं क्रोमियम. मूळव्याधीवर किंवा सांधेदुखीवर बिब्बा लावून घेतलेली माणसं तर अंगभर उतून येतात, आणि आधी बिब्ब्याचं नावही काढत नाहीत, कारण ते त्यांच्या लेखी औषध असतं.

पापण्यांची कातडी शरीरात सगळ्यांत पातळ. त्यामुळे दुसरीकडे कुठेतरी लावलेल्या वस्तूची ॲलर्जी तिथे उमटते. नेलपॉलिश नखाला असतं, पण ते ओलं असताना किंवा हात डोळ्यांना लागल्यावर त्याची ॲलर्जी पापणीवर दिसते. केसांचा रंग, काळी मेंदी, शांपू, परफ्यूम, सगळं तिथे दिसू शकतं. केसांना रंग लावत असाल, तर शेवटचा कधी लावला आणि त्यानंतर किती दिवसांनी पापण्या सुजल्या ते आठवून लिहा.

पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणी अशा उघड्या जागी एकदम सुरू झालेला एक्झिमा दिसला की आपल्याकडच्या डॉक्टरच्या मनात आणखी एक नाव येतं: गाजर गवत. काँग्रेस गवतही म्हणतात. या गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्याचीच, आणि तिथून ते देशभर पसरलं. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेने, रिकाम्या प्लॉटवर, शेताच्या बांधावर ते कमरेएवढं होतं आणि त्याचा सुकलेला भुगा हवेतून चेहऱ्यावर बसतो. बारामतीकडचे एक शेतकरी माझ्याकडे तीन वर्षं चेहऱ्याच्या ‘उन्हाच्या ॲलर्जी’साठी औषधं घेऊन मग आले. मानेच्या घडीत आणि कानामागे, जिथे ऊन पोचतच नाही, तिथेही चट्टे होते. दर वर्षी पोळ्यानंतर वाढतं, एवढं त्यांच्या बायकोने सांगितलं आणि गाठ सुटली. तुमच्या पानावर महिन्यांचा हिशोब असू द्या. वर्षात कधी वाढतं आणि गावाला किंवा दुसऱ्या शहरात गेल्यावर कमी होतं का, हे विसरू नका.

पानाच्या मागच्या बाजूला घरातल्या वस्तू लिहा. अंगाचा साबण, भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, शांपू, तेल, टिकली, कुंकू, क्रीम, सनस्क्रीन, सॅनिटायझर. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकत असाल तर ते ठळक लिहा. कितीतरी घरांत ते ‘स्वच्छतेसाठी’ वर्षानुवर्षं टाकलं जातं, आणि कच्च्या त्वचेला ते झोंबत राहतं. लिंबू, बेसन, हळद, उटणं, मुलतानी माती, कडुनिंबाचा पाला, जे काही चोळता ते लिहा. नैसर्गिक आहे म्हणून त्वचेला चालेलच असं नाही. खोबरेल तेल बहुतेकांना चालतं, मोहरीचं तेल अनेकांना झोंबतं. प्रत्येक वस्तूच्या मागच्या घटकांचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. अक्षर बारीक असतं, उजेडात नीट काढा.

तुमची ‘चरचर’ कशी सांगायची ते सांगते. सेन्सिटिव्ह त्वचा हे एका आजाराचं नाव नाही. ज्याने एरवी काही होऊ नये अशा गोष्टीनेही झोंबणं, आग, टोचणं किंवा खाज होते, एवढाच त्याचा अर्थ. कारणं वेगवेगळी असतात: कोरडा एक्झिमा, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा, रोझेशिया म्हणजे चेहरा लाल होत राहण्याचा आजार, खरी ॲलर्जी. म्हणून वेळेचा हिशोब द्या. क्रीम लावल्या लावल्या झोंबतं आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबतं, की त्या दिवशी काही होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज येऊन पुरळ उठतं? पहिलं बहुधा कच्च्या त्वचेचं लक्षण, दुसरं ॲलर्जीचं. एवढ्या एका वाक्याने माझी विचारांची दिशा बदलते.

मधल्या दिवसांत एखाद्या नव्या मॉइश्चरायझरची खात्री करून घ्यायची असेल तर ते चेहऱ्याला लावू नका. कोपराच्या खालच्या बाजूला, हाताच्या आतल्या भागावर रुपयाच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. साबण किंवा शांपूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूंना ही रीत वापरायची नाही, त्या तशाच ठेवल्या तर कुणाचीही त्वचा लाल होईल.

रोजचं टिपण ठेवायला वेळ लागत नाही. एक्झिमासाठी पोएम नावाची छोटी प्रश्नावली आम्ही वापरतो. तिच्यात सात गोष्टी असतात. गेल्या सात दिवसांत किती दिवस खाज होती, किती रात्री झोप मोडली, किती दिवस रक्त आलं, लस किंवा पाणी सुटलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले आणि त्वचा कोरडी, खरखरीत वाटली. कॅलेंडरच्या चौकटीत रोज रात्री खुणा करा, तीन आठवड्यांत तीन हिशोब तयार होतील. ‘फार त्रास होतो’ असं प्रत्येकजणच म्हणतो. ‘आठवड्यातून पाच रात्री उठून बसते’ असं ऐकलं की कुठल्याही डॉक्टरचा हात केसपेपरवर थांबतो. औषध बदलायचं की वाढवायचं हे कितीदा झोपेवरूनच ठरतं.

फोटो काढा. त्रास वाढलेल्या दिवशी, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश आणि फिल्टर न वापरता. एक लांबून, म्हणजे कुठल्या अवयवावर आहे ते कळेल, आणि एक जवळून. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, करडी, काळपट दिसते, आणि त्यामुळे आजार आहे त्यापेक्षा सौम्य वाटण्याची चूक होते. पुस्तकांतली जुनी चित्रं गोऱ्या त्वचेची असल्यामुळे ही चूक डॉक्टरांच्या हातूनही होते. म्हणून शांत असतानाचाही एक फोटो ठेवा, म्हणजे तुमच्या त्वचेचा मूळ रंग काय आणि बदल किती हे शेजारी ठेवून बघता येतं.

आता रक्ततपासणी. आधी करून येऊ नका. शंभर-दोनशे पदार्थांच्या ॲलर्जीची पॅनेलं आता सहज करून मिळतात आणि महाग असतात. या पॅनेलांत आयजीई नावाचं, ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड मोजतात. एक्झिमा असलेल्यांच्या रक्तात त्याचं प्रमाण तसंही वाढलेलं असू शकतं, त्यामुळे अशा अहवालात गहू, दूध, वांगं, शेंगदाणे असं बरंच काही ‘पॉझिटिव्ह’ निघतं, आणि खाल्ल्यावर त्यातल्या कशानेच काही होत नसतं. मग माणूस पथ्य करत बसतो. एका आईने सहा वर्षांच्या मुलाचं दूध, अंडी, डाळी आणि आंबट सगळं बंद केलं होतं. मूल वाळलं, खाज तशीच. मोठ्या माणसाचा एक्झिमा पदार्थ बंद करून बरा झाल्याचं क्वचितच बघायला मिळतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत ओठ सुजणं, पित्त उठणं, उलटी किंवा धाप असं होत असेल तर ते निराळं. ते पानावर नक्की लिहा. आधीचे अहवाल असतील तर आणा, नवीन करायचे की नाही ते बघून ठरवू.

तुमच्या बाबतीत कदाचित सांगितली जाईल ती पॅच टेस्ट. हात आणि पापण्या एकत्र म्हटल्यावर ती विचारात घ्यावीच लागते. पाठीवर छोट्या कप्प्यांत निकेल, सुगंध, रबर, केसांच्या रंगातलं द्रव्य, गाजर गवताचा अर्क अशा गोष्टी चिकटवतात. दोन दिवसांनी काढून बघतात आणि चौथ्या दिवसाच्या आसपास पुन्हा बघतात. म्हणजे एका आठवड्यात तीन खेपा. तेवढे दिवस पाठीला पाणी लागता कामा नये, घाम येता कामा नये, म्हणून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ती अवघड जाते. पाठीवर त्याआधी स्टिरॉइड मलम लावलेलं चालत नाही, आणि स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल खोटा येऊ शकतो. खाजेच्या गोळ्यांनी या टेस्टला फारसा फरक पडत नाही. त्या बंद कराव्या लागतात त्या सुई टोचून करायच्या प्रिक टेस्टसाठी, आणि ती वेगळी टेस्ट आहे. बँकेतून किंवा शाळेतून रजा घ्यायची असेल तर हा तीन खेपांचा हिशोब आधीच डोक्यात ठेवा.

काही गोष्टी सांगायला संकोच वाटतो, आणि त्याच निसटतात. घरात आणखी कुणाला खाज आहे का, विशेषतः रात्री, बोटांच्या बेचक्यांत, कमरेभोवती? असेल तर तो इसब नसून खरूज असू शकते, आणि मग औषध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी घ्यावं लागतं. स्तनाग्रांभोवती किंवा जांघेत चट्टे असतील तर दाखवा. डॉक्टर पुरुष असतील आणि अवघड वाटत असेल तर ‘सिस्टरांना आत बोलवा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. गरोदर आहात, दिवस जाण्याचा विचार आहे, अंगावर पाजता आहात, यातलं काहीही असेल तर पहिल्या मिनिटाला सांगा. हट्टी एक्झिमासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेटसारखं औषध गरोदरपणात अजिबात चालत नाही आणि काही औषधं आधीच थांबवावी लागतात. पूर्वी क्षयरोग झाला होता का, घरात कुणाला आहे का, कावीळ झाली होती का, दारू घेता का, हेही विचारलं जाईल. एक्झिमा हट्टी असेल तर सायक्लोस्पोरिन, जेएके इनहिबिटर गोळ्या, ड्युपिलुमॅबची इंजेक्शनं असे पर्याय आता आपल्याकडे आहेत, पण प्रतिकारशक्तीवर काम करणारं औषध देण्याआधी असा इतिहास माहीत असावा लागतो.

आणि खर्च. किती परवडेल ते मोकळेपणाने सांगा. एक महागडी ट्यूब आणून ती पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा साधी पेट्रोलियम जेली भरपूर वापरणं कितीतरी चांगलं, आणि डॉक्टरला तुमचं बजेट कळलं तर तसं लिहून देता येतं.

भेटीच्या दिवशी कोमट पाण्याने साधी आंघोळ करा. चट्ट्यांना तेल, पावडर, मलम काही लावू नका. चेहऱ्याला मेकअप नको, नखांना पॉलिश नको. आदल्या आठवड्यात लग्नकार्य असेल तर मेंदी टाळा, हाताची त्वचा रंगाखाली दिसत नाही. सैल, बाह्या सहज वर होतील असे सुती कपडे घाला. चट्टे चोळून ‘स्वच्छ’ करून येऊ नका. पापुद्रे बघायचे असतात.

आत गेल्यावर पहिली दोन वाक्यं ठरवून ठेवा. बहुतेकजण ‘तसं बरंच आहे, पण...’ असं सुरू करतात आणि महत्त्वाचं शेवटी दाराशी उभं राहून सांगतात. तुमच्यासाठी मी असं लिहून देईन: ‘लहानपणी कोपरात इसब होता, मधे दहा-बारा वर्षं नव्हता. बाळंतपणानंतर हातांवर आणि वर्षभरापासून पापण्या-मानेवर आहे, आठवड्यातून इतक्या रात्री झोप मोडते, आणि या ट्यूबा मी लावल्या आहेत.’ मग पिशवी टेबलावर ठेवा, पान पुढे करा. त्यानंतरचे प्रश्न डॉक्टर विचारतील.

आणि बाहेर पडायच्या आधी तुम्ही विचारा. हे नक्की काय आहे, किंवा तुम्हाला काय वाटतंय? कुठली ट्यूब कुठल्या जागी? चेहऱ्याची आणि हाताची ट्यूब बहुधा वेगळी असते, आणि घरी जाऊन ती अदलाबदल होते, तेव्हा ट्यूबवरच पेनाने ‘हात’, ‘चेहरा’ असं लिहून घ्या. किती दिवस लावायची आणि बरं वाटल्यावर काय करायचं? पुष्कळदा पूर्ण बंद न करता आठवड्यातून दोनदा नेहमीच्या जागी लावत राहायला सांगतात, म्हणजे पुन्हा भडकत नाही. टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम लिहून दिलं तर पहिले काही दिवस आग होईल का, हे विचाराच. होते, आणि हे आधी सांगितलेलं नसलं की दोन दिवसांत ट्यूब कपाटात जाते.

मात्राही विचारा. ‘थोडंसं लावा’ यातलं थोडंसं म्हणजे किती, यावर डॉक्टर आणि पेशंट यांचं कधीच एकमत नसतं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम मलम येतं, आणि ते मोठ्या माणसाच्या बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. एका हाताच्या पंजाला, दोन्ही बाजूंनी, एक पेर. चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं. स्टिरॉइड म्हटलं की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. कुणी मेडिकलमधून आणून वर्षभर चेहऱ्याला चोळतात, तर कुणी लिहून दिलेलं इतकं घाबरत, इतकं पुसटसं लावतात की गुणच येत नाही. पेराचं माप दोघांच्याही कामाचं आहे. मॉइश्चरायझरचं उलट आहे, तिथे हात सैल हवा. अंगभर कोरडेपणा असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागू शकतं, आणि आपण पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन महिने पुरवतो. आंघोळ पाच-दहा मिनिटांत उरका, टॉवेलने टिपा, आणि अंग ओलसर असतानाच लावा.

दुसऱ्या भेटीला जाताना तीच पिशवी परत घेऊन जा, आता नव्या ट्यूबांसकट. तीस ग्रॅमच्या ट्यूबमधलं महिन्यात किती संपलं हे हातात घेऊन पाहिलं की मला दोन गोष्टी लगेच वेगळ्या करता येतात: औषध लागू पडलं नाही, की ते पोटभर लावलंच गेलं नाही. पहिलं असेल तर औषध बदलावं लागतं. दुसरं असेल तर मी तुमच्यासमोर ट्यूब उघडून पेर मोजून दाखवते, आणि महिनाभर तेच चालू ठेवायला सांगते.